आमचं सी क्लास कोटेशन

आमच्या मिस्त्रींनी सोसायटीला पहिलं लेखी कोटेशन दिलं, ते एका लग्नपत्रिकेच्या मागे. पुढच्या बाजूला ‘श्री गजानन प्रसन्न’, मधे चि. आणि चि. सौ. कां., अगदी तळाला ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ आणि मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने एकच ओळ : ‘ए विंग टाकी लाइन. ४२ हजार. बाकी बघू.’

कमिटीत पत्रिका हातोहात फिरली. खजिनदारांनी ती उलटी केली, सुलटी केली, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा वाचली आणि म्हणाले, “यातला मुहूर्त तर मागच्याच महिन्यात टळलाय.”

काम दुसऱ्याकडे गेलं. त्याचं कोटेशन कॉम्प्युटरवर केलेलं होतं. कोपऱ्यात चकचकीत नळाचं रंगीत चित्र होतं आणि त्या नळातून एक थेंब पडत होता. गळका नळ हीच ज्याची जाहिरात, त्याला नळाचं काम द्यावं का, हा प्रश्न कुणालाही पडला नाही. कोटेशन ४० हजारांचं होतं, बिल ६३ हजारांचं आलं. पण बिलही छापील होतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

बिलाचा आकडा कानावर पडला त्याच संध्याकाळी मिस्त्री माझ्या दारात उभे.

“साहेब, तुम्ही बँकेत होता. मला एक कोटेशन लिहून द्या. कडक.”

मी एकतीस वर्षं बँकेत काढली. त्यांतली बारा कर्जविभागात, म्हणजे लोकांनी आणलेल्या कोटेशनांत खोट काढण्यात. जन्मभर दुसऱ्याच्या आमटीला नावं ठेवणाऱ्याला कुणीतरी ‘आज तुम्हीच फोडणी द्या’ म्हणावं, तसं मला झालं. मी लगेच हो म्हणालो. निवृत्तीनंतर माझ्याकडे कुणी कडक असं काही मागितलंच नव्हतं. चहासुद्धा हल्ली घरात बेताचाच होतो.

पहिलं गिऱ्हाईक तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. वायसर बदलायचा, इतकंच काम. मी सकाळी नऊला बसलो आणि दुपारच्या जेवणापर्यंत तीन पानं झाली. वर दिनांक, जावक क्रमांक, विषय, संदर्भ (आपले तोंडी बोलणे, जिन्यात). मग ‘महोदया’. मग प्रास्ताविक. प्लंबर हा शब्द ‘प्लंबम’ या लॅटिन शब्दावरून आला, प्लंबम म्हणजे शिसे, रसायनशास्त्रात शिशाला ‘पीबी’ म्हणतात ते त्यामुळेच, आणि प्राचीन रोममध्ये पाण्याचे नळ शिशाचे असत, हे सगळं मी लिहिलं. खाली मिस्त्रींच्या सहीसाठी जागा सोडून हुद्दा घातला : ‘नळकारागीर’.

मिस्त्रींनी तिन्ही पानं वजन केल्यासारखी हातात धरली.

“साहेब, हा नळकारागीर कोण?”

“तुम्हीच.”

“मग वायसर मीच बदलायचा ना?”

काकू मराठीच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी तीन पानं लाल पेन घेऊन वाचली. परत आली तेव्हा समासात नऊ खुणा होत्या, ‘प्राचीन रोममध्ये’ याच्यापुढे ‘विषयांतर’ असा शेरा होता आणि शेवटी ‘अक्षर चांगले. मुद्दा सापडत नाही.’ नळाचं काय झालं, असं मिस्त्रींनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “अहो, तुमचं दुसरं पान वाचत होते तेव्हा दूधवाला आला होता. त्याच्या भावाने बदलून दिला.”

मुद्दा मला पटला. कोटेशन आटोपशीर हवं. पुढचं गिऱ्हाईक होतं डी विंगमधलं एक तरुण जोडपं. त्यांना बाथरूम नवं करून हवं होतं. मी एका ओळीत लिहिलं : ‘बाथरूम प्लंबिंग, मजुरी व सामानासह, एकूण रु. ३८,०००.’ खाली सही. कागदावर इतकी मोकळी जागा होती की तिथे बॅडमिंटन खेळता आलं असतं.

त्या मोकळ्या जागेतच घात झाला. जे लिहिलेलं नाही ते सगळं आत धरलेलं आहे, असा अर्थ गिऱ्हाइकाने काढला. गीझर लावायचा? “एकूण म्हटलंय ना!” फुटलेल्या टाइल्सना जोडीच्या टाइल्स शोधायच्या? “बाथरूम म्हटलंय ना!” डबर खाली नेऊन टाकायचं? “मग ते काय आम्ही नेणार?” आणि मग सुरू झालं ‘आलाच आहात तर’.

‘आलाच आहात तर’ हा आपल्या भाषेतला सर्वांत महाग शब्दसमूह आहे, आणि त्याचे पैसे आजवर कुणाला मिळालेले नाहीत. आलाच आहात तर स्वयंपाकघरातला सिंक जरा बघा. आलाच आहात तर कपाटाची ही बिजागरी. ड्रिल आहेच तुमच्याकडे, तर घड्याळासाठी एक भोक. दोन पाडा, शेजारी फोटो लावू. मिस्त्री बाथरूममध्ये पाच दिवस होते आणि बाथरूमच्या बाहेर सहा. शेवटच्या दिवशी त्यांनी त्या घरातला भरलेला सिलिंडर उचलून ठेवला, सोफा सरकवला आणि आजोबांच्या काठीला खालून नवीन रबर बसवलं.

“रबर माझ्या पिशवीतलंच होतं साहेब,” मिस्त्री म्हणाले. “पण कोटेशनमध्ये काठी कुठं लिहायची?”

आता मला सूर सापडला, असं मला वाटलं. सगळं फोडून लिहायचं. एल्बो किती, टी किती, सॉकेट, युनियन, निपल, रिड्यूसर, अँगल कॉक, टेफ्लॉन टेप. प्रत्येकाचा नग, दर, रक्कम. रकाने पट्टीने आखले. बँकेत असतो तर या कागदावर मी स्वतः कर्ज मंजूर केलं असतं.

हा कागद मिळालेले गृहस्थ तो घेऊन तडक बोहरी आळीत गेले. रविवार पेठेतल्या त्या गल्लीत हार्डवेअरची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. गाडी लावायला जागा मिळाली तर ती बातमी होते. गृहस्थ रिक्षाने गेले, चार दुकानं फिरले, रिक्षाने परत आले आणि विजयी चेहऱ्याने म्हणाले, “तुमच्या मिस्त्रींनी एल्बोला चौतीस लावलेत. तिथे एकतीसला आहे.” एल्बो अकरा होते. तेहतीस रुपये वाचले. रिक्षाचे झाले एकशे नव्वद.

पण खरी अडचण एल्बोची नव्हतीच. शेवटच्या ओळीत ‘मजुरी’ असा शब्द होता आणि त्यापुढे आकडा होता. आपल्याकडे वस्तूचे पैसे द्यायला माणूस तयार असतो, कारण वस्तू हातात येते. मजुरी हातात येत नाही, ती फक्त डोळ्यांना दिसते, आणि लवकर संपली तर दिसतही नाही.

“दहा मिनिटांचे तीनशे?” एकदा एका वहिनींनी मिस्त्रींना विचारलं.

मिस्त्री वाद घालत नाहीत. “बरं,” म्हणाले आणि गेले. पुढच्या वेळी त्याच वहिनींकडे, तशाच कामाला, त्यांनी एक तास पाच मिनिटं घेतली. आधी पाइपाला कान लावला. मग डोळे मिटले. मग गच्चीवर जाऊन आले. पाना बदलला. दोनदा ‘च्‌ च्‌’ केलं. एकदा नुसतंच ‘अरेरे’. वहिनी काळजीने पोहे घेऊन आल्या. काम दहा मिनिटांचंच होतं, ते त्यांनी पोह्यांनंतर केलं. वहिनींनी पाचशे दिले आणि मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, “मिस्त्री आता सुधारलेत हं. मन लावून काम करतात.”

अभिनय कोटेशनमध्ये कोणत्या रकान्यात दाखवायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मधे एकदा जीएसटीचं झालं. व्यावसायिक दिसावं म्हणून मी एका कोटेशनच्या तळाला ‘जीएसटी १८% अतिरिक्त’ असं ठासून लिहिलं. मिस्त्री बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

“साहेब, माझ्याकडं तो नंबरच नाही. नंबर नसताना कर मागितला तर मलाच धरतील.”

“नंबर का नाही काढला?”

“सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली तर काढावा लागतो म्हणे. साहेब, वीस लाख होत असते तर मी तुमच्याकडनं फुकट लिहून घेतलं असतं का?”

एकतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला बोअरिंगच्या चिखलाने माखलेल्या माणसाने कर शिकवला. मी ती ओळ खोडली. त्यावर गिऱ्हाईक म्हणालं, “पक्कं बिल हवंच. पण जीएसटी नको.” यात विसंगती आहे असं त्याला वाटलं नाही, आणि आमच्या सोसायटीत अजून कुणालाच वाटत नाही.

मुदतीचीही तीच गत. पीव्हीसीचा पाइप शेवटी खनिज तेलाच्याच घराण्यातला. आखातात काही खुट्ट झालं की आमच्या नहाणीतला पाइप महागतो. म्हणून मी लिहू लागलो, ‘हे दर पंधरा दिवस लागू राहतील.’ एक आजोबा आठ महिन्यांनी कोटेशन घेऊन आले. घडी मोडू नये म्हणून त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलं होतं. “पंधरा दिवस लिहिलंय, पण कोणते पंधरा ते कुठे लिहिलंय?” असं त्यांनी विचारलं. मी तारीख विसरलो होतो.

आणि मग आली बी विंगची पाळी. गच्चीवरच्या टाकीपासून खाली येणारी जुनी लोखंडी लाइन गंजून चाळण झाली होती. काम मोठं. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं हवीत. तीन कोटेशनं म्हणजे काय, ते मला बँकेत कळलेलं होतं. एक नवरदेव असतो, दोन करवले. एकदा एका अर्जाला तीन वेगवेगळ्या दुकानांची कोटेशनं जोडलेली होती आणि तिन्हींवर शीर्षक ‘कोटेशण’ असं होतं. त्यामुळे मिस्त्रींनी भाबडेपणाने “साहेब, बाकीची दोन पण तुम्हीच लिहिता का?” असं विचारलं, तेव्हा मी ताठ मानेने नाही म्हणालो. कपाटातून हिरवं पेन मी आधीच काढून ठेवलं होतं, ते नंतर गुपचूप परत ठेवलं.

सुदैवाने तिन्ही खरीच आली. एक आमचं. एक त्या गळक्या थेंबवाल्याचं. तिसरं शेजारच्या टॉवरवर काम करणाऱ्या एका ओडिया प्लंबरचं. तो केंद्रापाडा जिल्ह्यातला. ओडिशातला हा जिल्हा प्लंबरांसाठी देशभर ओळखला जातो. तिथल्या पट्टामुंडाईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. हे मी सभेत सांगितलं तेव्हा खजिनदार म्हणाले, “म्हणजे आपल्याकडे कोकणातला आंबा, तसा तिकडचा प्लंबर.” त्याचं कोटेशन व्हॉट्सॲपवर बोलून आलेलं होतं, हिंदीत, मागे ड्रिलचा आवाज. सेक्रेटरींनी ते सभेला तीनदा ऐकवलं आणि इतिवृत्तात ‘ध्वनी कोटेशन’ अशी नोंद केली.

तुलना करायला बसलो तर एकाने दर रनिंग फुटाचा दिलेला, दुसऱ्याने पॉइंटचा, आमचा एकूण. भेंडी किलोवर, कोथिंबीर जुडीवर आणि नारळ नगावर, तसला तक्ता. त्यात एकाने पाइपाची लांबी वीस फूट लिहिली होती, दुसऱ्याने सहा मीटर.

“सहा मीटर म्हणजे वीस फूट नव्हेत,” खजिनदार उठून उभे राहिले. “जवळपास चार इंच कमी भरतात. पाइप बारा. म्हणजे पावणेचार फूट! हे पावणेचार फूट कुठे जातात?”

सभा पंचवीस मिनिटं त्या पावणेचार फुटांत अडकून पडली. मग कुणीतरी चहा आणला आणि सेक्रेटरींनी आमचं कोटेशन हातात घेतलं. माझी छाती फुगली. कारण त्यात मी एक सुधारणा केली होती. मिस्त्रींनी तोंडी सांगितलं होतं, “पाइप जीआय, सी क्लास.” सी क्लास? माझा मिस्त्री आणि सी क्लास? मी न विचारता ‘ए क्लास’ केलं होतं. जन्मभर प्रगतिपुस्तकं पाहिलेला माणूस दुसरं काय करणार!

“हे बघा,” सेक्रेटरी खूश होऊन म्हणाले, “बाकी दोघं सी क्लास घालताहेत. आपले मिस्त्री ए क्लास घालताहेत. याला म्हणतात माणूस!”

टाळ्या पडल्या. मी विनयाने खाली पाहिलं. तेवढ्यात मागच्या खुर्चीवर डुलकी घेत असलेले पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर जागे झाले.

“ए क्लास? मोठ्या टाकीच्या लाइनला?”

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी इथे माझ्या खर्चाने देतो. जीआय पाइपाचे तीन वर्ग. ए म्हणजे हलका, त्याच्यावर पिवळा पट्टा. बी म्हणजे मध्यम, निळा पट्टा. सी म्हणजे जड, जाड भिंतीचा, लाल पट्टा. म्हणजे या शाळेत सी मिळवणारा पहिला येतो. प्लॅस्टिकच्या गरम पाण्याच्या पाइपातही असाच उफराटा कारभार : सीपीव्हीसीवर ‘एसडीआर ११’ आणि ‘एसडीआर १३.५’ असे आकडे असतात, आणि जाड भिंत असते ती अकराची.

“थोडक्यात,” इंजिनिअर म्हणाले, “यांनी सर्वांत पातळ पाइपाला सर्वांत जास्त भाव लावलाय.”

सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या गणपतीकडे पाहिलं. मिस्त्री एवढंच म्हणाले, “पट्टा लालच लावणार होतो. लिहिताना पिवळा झाला.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्या माणसाला मी तेव्हापासून मनातल्या मनात सी क्लास मानतो.

कमिटीने तिघांनाही आठवड्यात पुन्हा कोटेशन द्यायला सांगितलं. यावेळी मिस्त्री माझ्याकडे आले नाहीत. रात्री त्यांनी स्वतः लिहिलं, मुलीच्या वहीच्या पानावर, चार मुद्दे.

‘१) हे करणार : जुनी लाइन काढून नवीन. पाइप जीआय सी क्लास, लाल पट्टा, आणल्यावर दाखवणार. व्हॉल्व्ह ४. २) हे करणार नाही : प्लास्टर, रंग, डबर उचलणे. ते करायचे तर दर वेगळा, आधी विचारा. ३) भिंतीच्या आत काय आहे ते मला माहीत नाही. उघडल्यावर फोटो पाठवणार, दर सांगणार, हो म्हणाल तरच पुढे. ४) निम्मे आधी, निम्मे पाणी चालू झाल्यावर. दर आजपासून १५ दिवस.’ खाली तारीख, सही आणि रक्कम.

तिसऱ्या मुद्द्यावर खजिनदार अडले. “आत काय आहे ते माहीत नाही, मग हे कसले मिस्त्री?” त्यावर काकू म्हणाल्या, “माझ्या पित्ताशयाच्या वेळी डॉक्टरही हेच म्हणाले होते, उघडल्यावर कळेल. तिथे तर तुम्हीच साक्षीदार म्हणून सही केलीत.” खजिनदार बसले. काम मिस्त्रींना मिळालं. भिंतीत दोन सडलेले क्लँप निघाले, फोटो आला, २,८०० वाढले, सेक्रेटरींनी हो म्हटलं, पाणी आलं. यात विनोदी असं काहीच घडलं नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मध्यंतरी आमच्या बेसिनखाली भिंतीला ओल आली. मिस्त्री आले, कान लावला, आणि संध्याकाळी कोटेशन घेऊन आले. तेच चार मुद्दे. पहिल्यात कंसात माझ्यासाठी खास लिहिलं होतं : ‘पाइप सी क्लास (म्हणजे चांगला)’. रक्कम ४,२००. मी कागद दोनदा वाचला. खोट काढायला जागा नव्हती. एकेक शब्द जिथल्या तिथे. असा कागद आपल्याला कधीच लिहिता आला नाही, याचं वाईटही वाटलं आणि मनापासून कौतुकही वाटलं.

आणि मग मी म्हणालो, “मिस्त्री, जरा कमी करा की. घरचंच काम आहे. आणि आलाच आहात तर गॅलरीतला तो नळ...”

मिस्त्रींनी शांतपणे दुसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं, चहा संपवला आणि गेले. मी त्यांना “बघू” असं म्हणालो.

दर पंधरा दिवसांचा होता. आज सोळावा दिवस आहे. बेसिनखाली बादली ठेवली आहे, दुपारपर्यंत भरते.